नाही म्हणायचा तास

नगरच्या स्टेशनावर त्या दुपारी आम्ही तिघं गाडीच्या दीड तास आधी पोचलो होतो. आमच्या घरात वेळेवर पोचणं म्हणजे उशीरच. आईने शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दोनदा बाहेर काढून झाकण घट्ट आहे का पाहिलं. बाबा फलाटाच्या टोकापर्यंत जायचे आणि परत यायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलेला माणूस, चालताना दोन बाकांमधून फेऱ्या मारतोय असं वाटायचं. गाडी दिसायला लागली तेव्हा त्यांनी पिशवीतून एक पुठ्ठ्याचं खोकं काढून माझ्या हातात दिलं. खडू होते.

"तिकडचे खडू कसे असतात कोण जाणे," ते म्हणाले. "हे धूळ कमी पाडतात."

मी फरीदाबादला चालले होते. मावशी तिथे राहायची, तिचे यजमान दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. त्यांच्या ओळखीतून मला एका कारखान्यात सुपरवायझर आणि फोरमन लोकांना इंग्रजी शिकवायचं सहा महिन्यांचं काम मिळालं होतं. सहाच महिने, कारण ज्या कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले तिथे जूनपासून शिक्षिकेची जागा रिकामी होणार होती, आणि बाबांनी सिस्टरना भेटून ती माझ्यासाठी ठेवायला सांगितली होती. मला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यात आलं नसेल, आणि सांगायचं असतं हे माझ्या.

गाडी हलली. बाबा खिडकीचा गज धरून चार पावलं चालले. "जूनला शाळा. लक्षात आहे ना?"

मी म्हटलं, "हो, बघते."

हे लिहिते आहे ते नगरला राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. तुम्हा दोघांनाही हे "बघते" चांगलं माहीत आहे. आई म्हणायची, "तोंडावर नाही म्हणू नये. बघू म्हणावं." शेजारच्यांनी मोठं पातेलं मागितलं आणि द्यायचं नसलं की ती म्हणायची, "बघते हं, बहुतेक नणंदेकडे गेलंय." शेजारीण समजायची. पातेलं आमच्याच फळीवर दिसत असायचं, तरी समजायची. कुणाकडे गेलं की चहाला आधी नको म्हणायचं, मग पुन्हा नको, मग "बरं, अर्धा कप." ह्यात खोटं कुणी बोलत नव्हतं. ज्याने त्याने समोरच्याचा मान राखायचा, एवढंच.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणजे फाडफाड बोलत असेन असा लोकांचा समज असतो. निबंधाला मला बक्षिसं मिळाली, बोलण्याला कधी नाही. माझा हात वर जायचा तो कोपरापर्यंतच. इंग्रजी मला पुस्तकातून येत होतं. त्या भाषेत मी कधी कुणाशी भांडले नव्हते, कुणाला हसवलं नव्हतं, कुणाला नाही म्हटलं नव्हतं. पण मराठीत तरी कुठे म्हटलं होतं?

फरीदाबाद तेव्हा अर्धवट होतं. नुसते खांब उभे असलेली घरं, गच्चीतून बाहेर आलेल्या सळ्या, आणि सेक्टर संपला की लगेच मोहरीची पिवळी शेतं. पत्त्यात सगळे आकडे. मी उतरले तेव्हा धुकं इतकं होतं की मावशी मला आधी ऐकू आली, मग दिसली. "बिल्कुल घाबरू नकोस हं. चलो, आधी चहा घे." वीस वर्षांत तिचं मराठी असं झालं होतं, आणि तिची मुलगी पिंकी तर त्याच्याही पुढे होती. तिने पहिल्याच संध्याकाळी मला विचारलं, "ताई, तू इंग्लिशची टीचर आहेस ना? मग इतकी हळू का बोलतेस यार?"

कारखाना ट्रॅक्टरचे गिअर करायचा. एका इंग्लिश कंपनीशी नवा करार झाला होता, नवी भट्टी येऊन बसली होती, आणि तिच्याबरोबर हॅरिस नावाचे एक इंजिनिअर आले होते. उंच, बारीक, भर थंडीत अर्ध्या बाह्या. आमचे पर्सोनेल मॅनेजर खन्ना मला म्हणाले, "मॅडम, ग्रामर-व्रामर छोड़िए. बस इतना कर दीजिए कि ये लोग गोरे के सामने मुँह खोल सकें."

खन्नांच्या केबिनमधल्या त्या पहिल्याच भेटीत मी स्वतःच तोंड उघडू शकले नाही. हॅरिसनी विचारलं, "वुड यू लाइक सम टी?" मी सवयीने म्हटलं, "नो, थँक यू." त्यांनी मान डोलावली आणि शिपायाला दोनच कप आणायला सांगितलं. मी वाट पाहत राहिले. आता विचारतील, मग विचारतील. तासभर ते दोघं चहा पीत बोलत होते, मी फाटकासमोरच्या धुळीतून चालत आले होते, घसा सुकला होता, आणि दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. मी घरी येऊन मावशीला सांगितलं तेव्हा ती पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली जी पंधरा वर्षांच्या इंग्रजीत कुणी शिकवली नव्हती. त्या माणसाने मला तहानलेलं ठेवलं नव्हतं. त्याने माझ्या शब्दाला मान दिला होता.

वर्ग चार वाजता, पहिली पाळी सुटली की, कँटीनमध्ये भरायचा. बारा जण, जवळजवळ सगळे माझ्या दुप्पट वयाचे. मागे जनरेटरची घरघर, समोर दुपारच्या राजम्याचा वास. मी बाबांच्या खडूने क्रियापदाची रूपं लिहायचे आणि बारा माणसं ती वहीत उतरवून घ्यायची, जणू पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. बोलायचं कुणीच नाही. तीही नाहीत आणि मीही नाही.

पहिल्या रांगेत बसायचे ते जगताप. हीट ट्रीटमेंटचे फोरमन, म्हणजे गिअर भट्टीत तापवून तेलात बुडवून कडक करायचं जे काम, त्याचे प्रमुख. पन्नाशी उलटलेली, खिशात कायम एक छोटी कानस. पहिल्या दिवशी वर्ग संपल्यावर सगळे गेल्याची खात्री करून ते हळूच म्हणाले, "बाई, नगरच्या का तुम्ही? मी रहिमतपूरचा. हितं येऊन बावीस वर्षं झाली. बाई म्हणलं तर चालेल ना? मॅडम म्हणताना जीभ वळत नाही." त्या एका "बाई"ने मला एकदम शिक्षिका करून टाकलं.

त्यांच्या मागे बसायचा दहिया, पानिपतकडचा, असेंब्लीचा सुपरवायझर, साडेसहा फूट. त्याला इंग्रजीची भीती नव्हती, कारण त्याला कशाचीच भीती नव्हती. हॅरिसनी त्याला एकदा काही करायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "नो. नॉट पॉसिबल," आणि वळून चालू लागला होता. खन्नांनी त्याला माझ्याकडे पाठवलं ते मऊ करायला. जगतापांना पाठवलं ते बोलतं करायला.

मी महिनाभर दोघांनाही क्रियापदं शिकवली.

मग भट्टीची पहिली चाचणी झाली. आदल्या दिवशी हॅरिसनी जगतापांना विचारलं होतं, "सो, आर यू हॅपी विथ इट?" जगताप म्हणाले, "हॅपी, सर. व्हेरी हॅपी. वन टाइम मोर ऑल्सो वी कॅन सी, सर." हॅरिस खूश झाले आणि माल आत गेला. बाहेर आला तेव्हा मागच्या कोपऱ्यातले सगळे गिअर मऊ निघाले. खोकीच्या खोकी भंगारात. हॅरिसनी अहवालात लिहिलं की फोरमनने भट्टी तयार असल्याचं स्पष्ट सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गानंतर जगताप बाकावर बसूनच राहिले. कानस या हातातून त्या हातात.

"मी सांगितलं होतं बाई त्याला."

"काय सांगितलं होतं काका?"

"एकदा अजून बघून घेऊ म्हणालो ना! मागचा कोपरा गार राहतो, मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण तो पाहुणा माणूस. साता समुद्रापलीकडून भट्टी घेऊन आला. त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं, तुझी भट्टी बरोबर नाही? म्हणून म्हणालो, एकदा अजून बघू. आपल्याकडं एवढं म्हणलं की शेंबड्या पोराला कळतं."

मला कळलं. मला शेजारणीचं पातेलं आठवलं. रहिमतपुरात, नगरात, आमच्या कुणाच्याही ओट्यावर त्या वाक्याचा अर्थ थांबा असाच झाला असता. हॅरिसना त्यात उत्साह ऐकू आला.

खन्नांनी त्याच आठवड्यात मला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांनाही अवघड जात होतं. नवीन लाईनवर तीच माणसं राहणार होती ज्यांच्याशी इंग्लिश इंजिनिअर थेट बोलू शकतील. बाकीच्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती. यादी दुसऱ्या चाचणीनंतर कायम होणार होती आणि सध्या तिच्यात जगतापांचं नाव होतं. "आदमी हीरा है," खन्ना म्हणाले, "पर हीरा बोलता नहीं न, मॅडम."

जगतापांना हे आधीच कळलं होतं. "स्वेच्छा कुणाची, ते कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. मग कानस खिशात ठेवत, "काम येत नाही म्हणून घरी बसवलं असतं तर मान खाली घालून गेलो असतो. पण आवाज ऐकून भट्टीचं तापमान सांगणारा माणूस मी. गावाकडं काय सांगू? यस-नो आलं नाही म्हणून परत आलो?"

त्या दिवशी मी घरी जाऊन व्याकरणाचं पुस्तक मावशीच्या कपाटात ठेवलं आणि एक कोरी वही घेतली. त्या चाचणीनंतर हॅरिस कारखान्यात फिरताना दुभाषी म्हणून मला बरोबर नेऊ लागले होते. मी गप्प राहणारी मुलगी. गप्प राहणाऱ्यांना ऐकू खूप येतं. वहीच्या डाव्या बाजूला मी हॅरिस काय म्हणाले ते लिहायचे, उजव्या बाजूला त्यानंतर काय घडलं ते. "क्वाइट गुड" म्हणाल्यावर ते ती वस्तू परत करायला लावायचे. "यू माइट वॉन्ट टु लुक अ‍ॅट दॅट अगेन" म्हणाले की तो सल्ला नव्हता, हुकूम होता. "हाऊ इंटरेस्टिंग" म्हणाले की विषय संपला. आठ दिवसांत मला कळलं की इंग्रज माणूसही आपल्याइतकंच झाकून बोलतो. फरक एवढाच की आपण "नाही"च झाकतो आणि समोरच्याला शोधायला लावतो. तो नाहीच्या आधी एक गादी अंथरतो आणि मग "नाही" तिच्यावर ठेवतोच. "आय अ‍ॅम अफ्रेड" ही ती गादी. त्यात भीती काही नाही. पण त्या दोन-तीन शब्दांनंतर जे येतं ते स्वच्छ "नाही" असतं.

नवव्या दिवशी मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, "आय अ‍ॅम अफ्रेड इट इज नॉट रेडी," आणि खुर्ची मध्ये ओढून म्हटलं, "आजपासून मी हॅरिस. मला नाही म्हणायचं. एकेकाने."

दहिया पहिला उठला. "नो. नॉट पॉसिबल."

वर्ग हसला. मी म्हटलं, "दहियाजी, असं समजा हॅरिस तुमचे सासरे आहेत. आता सांगा."

"फिर तो मैं बोलूँगा ही नहीं, मॅडम जी. मेरी घरवाली बोलेगी."

त्या दिवशी पहिल्यांदा कँटीनमध्ये जनरेटरपेक्षा मोठा आवाज झाला, आणि मीही हसले. दहियाला गादी अंथरायला आठवडा लागला. जगतापांची अडचण उलटी होती, गादी अंथरून ते तिच्यावर काही ठेवायचेच नाहीत.

"मिस्टर जगताप," मी विचारायचे मीच हॅरिस होऊन, "इज द फर्नेस रेडी?"

जगतापांच्या कपाळावर घाम. "सर... प्रॉब्लेम इज देअर, सर. बट नो प्रॉब्लेम."

"काका, प्रॉब्लेम आहे की नाही?"

"आहे की."

"मग?"

"पण तुम्ही इतक्या प्रेमानं विचारलंत!"

दहिया मागून म्हणाला, "फोरमॅन साहब, हमारे यहाँ पानीपत में तुम्हारे किसी ने टाइम पे नो बोल दिया होता, तो तुम लोगों को काला अंब पे फूल चढ़ाने ना आना पड़ता."

सगळे थबकले. जगताप दरवर्षी संक्रांतीला काला अंबला, पानिपतात पडलेल्या मराठ्यांच्या स्मारकाला, जायचे, बसने, एकटे. ते वळले आणि शांतपणे म्हणाले, "बोला होगा, दहिया. सुना नहीं होगा किसी ने."

दहियाने कान पकडले. मी पुन्हा खुर्चीत बसले आणि म्हटलं, "इज द फर्नेस रेडी?" त्या दिवशी जगताप पहिल्यांदा म्हणाले, "आय अ‍ॅम अफ्रेड," आणि पुढचं वाक्य गिळून टाकलं. पण निम्मं तरी बाहेर आलं होतं.

ह्याच दिवसांत बाबांचं दर आठवड्याला आंतर्देशीय पत्र यायचं. सिस्टरना पुन्हा भेटलो. वेळापत्रकात तुझं नाव घातलं आहे. पाचवी ते आठवी. मी उत्तरात फरीदाबादच्या थंडीबद्दल लिहायचे, मावशीच्या पराठ्यांबद्दल लिहायचे, आणि शेवटी, "शाळेचं बघते, बाबा." रोज चार वाजता बारा माणसांना नाही म्हणायला शिकवणारी बाई. लिहिताना माझी मलाच लाज वाटायची, तरी पेन तेच लिहायचं.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी दोन्ही कंपन्यांची मोठी माणसं येणार होती. सकाळी भट्टीजवळ आम्ही चौघं उभे होतो. हॅरिस, खन्ना, जगताप आणि मी. बाहेर शामियाना लागत होता. मागच्या कोपऱ्यातला तापमान मोजणारा भाग आदल्या दिवशी बदलला होता, आणि पडद्यावर सगळे आकडे बरोबर दिसत होते. हॅरिसनी घड्याळ पाहिलं. "राइट. हॅपी, मिस्टर जगताप?"

तोच प्रश्न. तोच शब्द.

जगतापांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं, त्याचसाठी मला तिथे उभं केलं होतं. पण मग ते "नाही" माझं झालं असतं. मी वहीत पाहत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझं गप्प बसणं भिडेपोटी नव्हतं.

"आय अ‍ॅम अफ्रेड..." जगताप म्हणाले, आणि थांबले. भट्टीची घरघर. "आय अ‍ॅम अफ्रेड इट इज नॉट रेडी, मिस्टर हॅरिस. बॅक कॉर्नर इज कोल्ड."

खन्ना पटकन पुढे झाले. "ही मीन्स, सर, अ लिटल फाइन ट्यूनिंग..."

"नो सर." जगतापांचा आवाज कापत होता, पण खाली गेला नाही. "आय मीन नॉट रेडी. गिव्ह मी टिल टुमॉरो मॉर्निंग."

शामियान्यातून कुणीतरी माइकची चाचणी घेत होतं. मग हॅरिस म्हणाले, "थँक यू फॉर टेलिंग मी. शो मी."

मागच्या कोपऱ्यात चार गिअर ठेवून फक्त तेवढेच तापवले. पाहुणे येऊन चहा घेत थांबले होते, खन्ना दर पाच मिनिटांनी रुमाल काढत होते. गिअर तेलातून निघून निवले तेव्हा जगतापांनी खिशातली कानस काढली आणि एका दात्यावर ओढली. कडक दात्यावरून कानस नुसती घसरते. ही घसरली नाही, ती धरून चालली आणि दात्यावर पांढरी रेघ उठली. त्यांनी कानस हॅरिसना दिली. हॅरिसनी स्वतः ओढून पाहिली, एकदा, पुन्हा एकदा. मग ते शामियान्याकडे गेले आणि त्यांनी त्यांच्या मोठ्या साहेबांना सांगितलं की आमच्या फोरमनच्या मते चाचणी उद्या होईल. आमच्या फोरमनच्या मते. मी वहीत ते जसंच्या तसं लिहून घेतलं. उजव्या बाजूला काही लिहायची गरज नव्हती.

त्या दिवशी जगताप घरी गेले नाहीत, रात्रभर भट्टीच्या मागच्या कोपऱ्यावर काम करत राहिले. सकाळी माल बाहेर आला आणि कोपऱ्यातल्या गिअरवरून कानस बर्फावरून घसरावी तशी घसरली. हॅरिस म्हणाले, "वेल, दॅट्स क्वाइट गुड."

जगतापांचा चेहरा पडला. माझी वही त्यांना पाठ होती. "क्वाइट गुड ओन्ली, सर?"

हॅरिसना कळायला थोडा वेळ लागला. मग ते माझ्या हातातल्या वहीकडे पाहून इतके हसले की भट्टीवरची माणसं वळून बघायला लागली. "एक्सलंट, मिस्टर जगताप. इट्स एक्सलंट."

यादी लागली तेव्हा जगतापांचं नाव स्वेच्छानिवृत्तीत नव्हतं. नव्या लाईनच्या प्रमुखांमध्ये होतं. त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. मी चहाला नको म्हटलं, काकूंनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको म्हटलं, आणि काकूंनी कप आणून समोर ठेवला. जगताप म्हणाले, "बाई, तुम्हीच शिकवता ना? मग एकदाच नाही म्हणा, नाहीतर एकदाच हो म्हणा." आम्ही तिघंही हसलो, पण ते वाक्य माझ्याबरोबर मावशीच्या घरापर्यंत आलं.

कारण खन्नांनी मला वर्ग दोन वर्षं पुढे चालवायला सांगितलं होतं, आणि मी त्यांना "बघते" म्हणून आले होते. नगरला बघते, फरीदाबादला बघते. दोन्हीकडची माणसं माझी वाट पाहत होती आणि मी दोघांच्याही तोंडावर गोड बोलत होते.

त्या रविवारी, बाल्कनीत ऊन यायला लागल्यावर, मी आंतर्देशीय पत्र घेऊन बसले. तीन कागद फाडले. प्रत्येकात कुठे ना कुठे ते "बघते" येऊन बसायचं. चौथ्यात लिहिलं, "बाबा, मला वाईट वाटतं आहे, पण मी जूनमध्ये येणार नाही. इथलं काम मला करायचं आहे आणि ते मला येतं. सिस्टरना कृपया कळवा, म्हणजे त्यांना दुसरं कुणी शोधता येईल." आधी गादी, मग नाही. वाचून पाहिलं तर मराठीतही ते उद्धट वाटत नव्हतं. नुसतं कळत होतं.

तीन आठवडे उत्तर आलं नाही. मावशी रोज पोस्टमनची वाट पाहायची, आणि मी पाहत नाही असं मी तिला सांगायचे. मग पत्र आलं, नेहमीसारखं सुवाच्य अक्षर, ओळी सरळ. "पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. सिस्टरकडे जाऊन माफी मागावी लागली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा पत्रात लाल खूण करायला जागा सापडेना. तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, असं आपल्यात कुणी लिहिलं नव्हतं. ती हे कौतुकाने म्हणाली की दुःखाने, ते तिला विचारलं, तर म्हणाली, बघते."

आता त्याला बरीच वर्षं झाली. मोहरीच्या शेतांवर काचेच्या इमारती आल्या आणि मी गुडगावला अशाच एका इमारतीत शिकवते. समोर बावीस-तेवीस वर्षांची मुलं असतात, कानाला हेडफोन, दूरच्या देशातल्या माणसांशी बोलायला शिकणारी. त्यांना उच्चार पटकन जमतात, माझ्यापेक्षा चांगले. पण साहेबाला, गिऱ्हाइकाला, घरच्यांना नाही कसं म्हणायचं, तिथे तीही येऊन अडतात, लातूरची असोत की लखनौची. मग मी खुर्ची मध्ये ओढते आणि म्हणते, आजपासून मी हॅरिस. हा तास माझा आहे, मी तो एका कँटीनमध्ये घडवला, आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. हेही मी शिकलेच.

पण वर्ग म्हटलं की मला अजून तोच पहिला आठवतो, आणि त्यातली एक दुपार. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबा फरीदाबादला आले. बाबा म्हणाले, "तुझा वर्ग बघायचा आहे." शाळा तपासायला यावं तसे ते शेवटच्या बाकावर ताठ बसले. येताना त्यांनी खडूंचं नवं खोकं आणलं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. मी शिकवत होते आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात होता. मला ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मधल्या सुट्टीत दहिया ट्रे घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला, साडेसहा फूट वाकून. "सर, वुड यू लाइक सम टी?"

"नो, नो," बाबा गडबडून म्हणाले. "नको, खरंच नको."

दहियाने शिकल्याप्रमाणे मान डोलावली आणि वळला. मला केबिनमधला तो तहानलेला तास आठवला, आणि मी बोलणार एवढ्यात तो चार पावलांवर थांबला, मागे फिरला, आणि ट्रे पुन्हा त्यांच्यासमोर धरला.

"आय अ‍ॅम अफ्रेड, सर, आय विल आस्क अगेन." मग माझ्याकडे बघून, "मॅडम जी, महाराष्ट्र वालों से दो बार पूछना पड़ता है. फोरमॅन साहब ने सिखाया है."

जगताप पहिल्या रांगेतून मागे वळून बघत होते. बाबांनी दहियाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कप उचलला. पूर्ण कप.

घर कुठलं, असं मला अजून लोक विचारतात. मी नगर सांगते. पण मनात मला तो ट्रे दिसतो. माझं "नाही" ऐकून घेतात आणि तरी परत येऊन एकदा विचारतात, अशी माणसं जिथे आहेत ते माझं घर. एक नगरला आहे. दुसरं मी इथे केलं, बाबांच्या खडूंनी.